दिव्यातला शुक्रवार

प्रिय मेलरॉय सर,

दिवा स्टेशनजवळच्या माझ्या खोलीत तुम्ही पाच बायकांचा बायबल अभ्यास सुरू केलात, ते दिवस फार आठवतात. कुकरची शिट्टी झाली की तुम्ही थांबून हसायचात.

वसईला जाताना म्हणालात, "आता गट गंगुबाई चालवतील." मी मान डोलावली. पण सर, मला वाचता येत नव्हतं. माझी लेक सान्वी गुरुवारी वाचून दाखवायची आणि शुक्रवारी मी पुस्तक उघडून तेच तोंडपाठ म्हणायचे. सहा वर्षं.

काल रडतच गटातल्या सगळ्यांना खरं सांगितलं. आयव्ही म्हणाली, "अगं, आम्हाला केव्हापासून माहितीये. तू पानच उलटायची नाहीस. पण तुझ्यासारखं सांगतं कोण?"

हे सान्वीकडून लिहून घेतलंय, म्हणून पाठवत नाही. तुम्हाला पत्र माझ्याच अक्षरात मिळेल.

तुम्ही नेमलेली,
गंगुबाई