आईच्या सम बुड्या

प्रिय कायतान,

पक्षाघातानंतर आईला समुद्रात नेऊ नका, असं तू लंडनहून बजावलंस. शेवटी कुरकुरत एका बुडीला होकार दिलास. यंदाही मे महिन्यात सगळा गोतावळा बाणावलीला आलाय. मावसबहिणी आणि मी आईला खुर्चीसकट पाण्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हटून बसली, म्हणून एक बुडी जास्त दिली. मग पेज पिताना म्हणते, "दोन झाल्या. सम आकड्यावर सोडलं तर समुद्राचं औषध लागत नाही, विसरलीस वाटतं?" लहानपणी आपल्यालाही ती असंच परत पाण्यात ढकलायची. तिसरी दिली. मग चौथीसाठी हट्ट, आणि चौथी झाली म्हणून पाचवी.

पाचवीवर मी सामान बांधलं. संध्याकाळी बघते तर खुर्ची रिकामी. आई एर्मेलिंदा मावशीचा हात धरून, स्वतःच्या पायांनी, वाळूतून परत येत होती. लुगडं ओलं, मान ताठ.

"सहा झाल्या," ती म्हणाली.

हे पत्र मी टाकणार नाही. फोनवर तुला एकच बुडी सांगितलीय. सामान मात्र पुन्हा सोडलंय.

तुझी ताई,
एस्पेरांसा