डोक्यामागची पिन

फ्रेडेनबर्ग,
सोमवार, १४ नोव्हेंबर २०१६

सारेल,

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक. मार्ताचे गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. वारा नेहमीचाच, आठ दिवस झाले भाकरीतसुद्धा वाळू लागतेय. मासळी यंदा बेताची.

'मालक' न लिहिता नुसतं नाव लिहिलंय आणि तुला अरेतुरे करतोय. खटकलं तर खटकू दे. मी साठीला टेकलो आणि तू शनिवारी सत्तरी पुरी करतोयस. आता कोण कुणाचा मालक? काल संध्याकाळी तुला एक फोन आला, तू दोनदा 'कोण बोलतंय' म्हणालास आणि समोरून ठेवला गेला, तो मीच. फोनवर हे जमणार नाही असं कळलं, म्हणून लिहितोय. पोस्टावर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून भाचा उद्या मासळीचा ट्रक घेऊन मोसेल बायला येतोय, त्याच्या हाती हे देतोय. तुझ्याच हातात द्यायचं असं बजावलंय.

माझं थोडक्यात सांगतो. गोऱ्यांचं राज्य गेल्यावर मी संध्याकाळची शाळा धरली आणि चाळिशीत विमान-दुरुस्तीचा परवाना काढला. परीक्षा घेणाऱ्याने विचारलं, इम्पाला जेटबद्दल एवढं कुठे शिकलात? म्हटलं, झाडू मारता मारता. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. हवाईदलाच्या हँगरच्या मागे पिंपावर बसून तू पुस्तक उघडायचास, जेवणाचा डबा मध्ये ठेवायचास आणि मला एकेक नळी ओळखायला लावायचास, हे त्याला कशाला सांगू? पुढे पुढे तर सगळं काम माझं आणि खाली सही तुझी, असंच चालायचं. मजुराच्या सहीला तेव्हा किंमत नव्हती. तू मला कधी तुच्छ लेखलं नाहीस. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचंय ते वाचल्यावर तुला ते खरं वाटणार नाही.

अलीकडे मी रीटफ्लेईच्या खासगी धावपट्टीवर काम करत आलोय. डीन नावाचा जोहान्सबर्गचा एक गडी आहे. त्याने भंगारात निघालेली एक दोन सीटची इम्पाला घेतली, चकचकीत रंग दिला आणि आता लोकांना तीस-तीस मिनिटं फिरवून आणतो. सारेल, तू ते बघायला नाहीस हे तुझं नशीब. शिडीपाशी लाल गालिचा. लग्नाला आल्यासारखी नटून आलेली माणसं. हातात वाइनचे पेले, विमानाच्या नाकाला टेकून फोटो. बारमध्ये तुझ्या वयाचे चारपाच जण रोज बसलेले असतात, पोटं सुटलेली, जुन्या तुकडीचे टाय लावलेले. 'ते दिवस राहिले नाहीत' म्हणून उसासे टाकतात. मला बघितलं की एखादा म्हणतो, मातेस, तुला आठवतं ना? मला आठवतं. त्या दिवसांत मला त्यांच्या नळाचं पाणी प्यायची मुभा नव्हती, तेही आठवतं. पण पगार त्यांच्या गप्पांवर चालतो, म्हणून मान डोलावतो आणि घरी येऊन मार्तावर खेकसतो.

विमानाची दशा विचारू नकोस. समुद्राच्या वाऱ्याने पंखाचं पोट आतून खाल्लंय, तेल इतकं गळतं की खालचा ट्रे दिवसातून दोनदा उपसावा लागतो, आणि डीन मला सांगतो की आधी बाहेरचं पॉलिश बघा, फोटोत तेच येतं. परत आलेल्यांतले निम्मे ओकलेले असतात. सीटच्या खाचेत, पट्ट्यांच्या बकलांत, सगळीकडे. पोरगेले मेकॅनिक नाक दाबून लांब पळतात. मग डीन माझ्या खांद्यावर हात ठेवतो. "मातेसकाका, तुम्हाला सवय आहे ना." सवय आहेच. परवाना खिशात आणि फडकं हातात. तेव्हा पोटासाठी पुसत होतो. आता का पुसतो?

पण मला खरी शिसारी येते ती या ओकारीची नाही. ते आता लिहितो.

तुला सांगायची गरज नाही, तरी अनेलिनने हे पत्र वाचलं तर तिलाही कळावं म्हणून नीट लिहितो. विमान कोसळायला लागलं की दांडा ओढायचा, मग सीटखालची स्फोटक दारू पेटून सीट माणसासकट बाहेर उडते. विमान जमिनीवर असताना ती चुकून उडू नये म्हणून तिला पिना लावलेल्या असतात. बाकीच्या पिना बसणारा स्वतः काढतो. एक मात्र त्याच्या डोक्यामागे, त्याला न दिसणाऱ्या जागी असते. ती शिडीवरच्या माणसाने काढायची, त्याच्या डोळ्यांसमोर धरायची, त्याने अंगठा वर करायचा आणि मगच काच बंद व्हायची. ती पिन राहिली, तर वर कितीही दांडा ओढा, सीट हलत नाही.

डीनच्या विमानात मागच्या सीटच्या दारूची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलीय. नवी मिळत नाही. सीट मेलेली आहे. मुदत संपलेली दारू कधी आपोआप पेटू नये म्हणून डीनने डोक्यामागची पिन कायमची आत ठेवायला लावली आणि तिची लाल फीत कापायला लावली, म्हणजे कुणाला दिसायला नको. पुढची सीट वैमानिकाची, ती मात्र जिवंत. मागे बसणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. मी डब्यातली एक जादाची पिन खिशात घेऊन शिडी चढतो, त्याच्या डोक्यामागे हात घालून खुडबुड करतो आणि ती लाल फितीची पिन त्याच्या नाकासमोर धरतो. तो अंगठा वर करतो. त्याची बायको खालून फोटो काढते. मी डीनला म्हटलं, हे पाप आहे. तो म्हणाला, "काका, त्यांना काय उडी मारायचीय? त्यांना फोटो हवाय." आणि मी विमानाच्या नोंदींच्या पुस्तकात 'सीट तपासली, ठीक' असं लिहून सही केली. एप्रिलपासून एकोणीस माणसं झाली. एकोणीसही वेळा सही माझी. ज्या सहीसाठी सात वर्षं संध्याकाळची शाळा केली, तीच.

शनिवारच्या यादीवर काल दुपारी माझी नजर पडली. 'एस. लाटेगान, वय ७०. वडील हवाईदलात इम्पालावर होते, त्यांना चकित करायचं आहे. मुलगी अनेलिन.' पोरीचा बेत मी मोडतोय, तिची माफी मागतो. शुक्रवारी ती तुला कुठेतरी फिरायला नेते म्हणेल. जाऊ नकोस. तुला त्या शिडीवर चढवणं म्हणजे काय, हे बिचारीला कसं कळावं? ती तेव्हा पाळण्यात होती.

आता एक्याऐंशीच्या त्या सकाळचं लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. चार पानं झाली, मी तिला वळसे घालतोय.

दोन विमानं शेजारी शेजारी उभी होती. तू आधी पलीकडच्याची पिन काढलीस, दाखवलीस, ती हातातच राहिली. मग घाईत इकडे लेफ्टनंट थेरोनच्या शिडीवर चढलास. त्याच्या डोक्यामागे हात घातलास, तेवढ्यात खालून सार्जंटने तुला हाक मारली. तू मागे वळून ओ दिलीस आणि परत फिरून हातातली पिन त्याला दाखवलीस. ती पलीकडच्या विमानाची होती. थेरोनने अंगठा वर केला. तू उतरून धावत गेलास. चौकशीत तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास की मी पिन दाखवली. दाखवलीच होतीस. खोटं बोलत नव्हतास. पण त्यांना ढिगाऱ्यात पिन जागेवरच सापडली. तुझ्या बाहीवरच्या पट्ट्या उतरवल्या, आणि तू मासळीच्या कारखान्यात वजनकाट्यावर जाऊन बसलास.

हे सगळं मला इतकं बारकाईने कसं माहीत, असा प्रश्न तुला पडायला हवा. शिडी काढायचं काम माझं होतं, सारेल. तू गेल्यावर मी ती काढायला वर दोन पायऱ्या चढलो, आकडा सोडवायला. काच अजून उघडी होती. त्याच्या डोक्यामागे लाल फीत दिसली. दुमडून आत गेली होती, पण दिसली. माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर.

मजुराने सीटला हात लावला तर त्याच दिवशी कामावरून काढायचे, हे खरं आहे. स्वतःला मी इतकी वर्षं तेच सांगत आलो. पण हात लावायची गरज नव्हती. नुसतं 'साहेब, पिन' म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं नाही, आणि त्याचं कारण नियम नव्हता. आदल्या दिवशी थेरोनच्या हाताखालचा एक शिकाऊ पोरगा विमानात ओकला होता. मी फडकं आणायला निघालो तर थेरोन म्हणाला, फडकं कशाला खराब करतोस, तुझा शर्ट आहे की. चार जण हसत उभे होते. मी शर्ट काढला आणि पुसलं. मग त्याने मला तो परत अंगात घालायला लावला. तू त्या दिवशी सुट्टीवर होतास, म्हणून तुला कधी कळलं नाही. मार्ताने तो शर्ट चुलीत घातला.

ती फीत बघून माझ्या मनात आलं, जाऊ दे. परत आला की कुणाच्यातरी लक्षात येईल, साहेबाला जरा घाम फुटेल. तो मरावा असं नाही आलं मनात. चाळीस मिनिटांचं उड्डाण, सीट लागते कुणाला? मी शिडी खांद्यावर घेतली आणि बाजूला झालो. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. चाकं उचलली आणि पाणथळीवरून फ्लेमिंगोंचा थवा उठला. पक्षी इंजिनात गेले, त्याने दांडा ओढला, सीट हलली नाही, पुढचं तुला माहीत आहे. तेवीस वर्षांचा होता तो. आज माझा धाकटा त्याहून मोठा आहे, आणि त्या वयात तोही माणसांशी असाच उद्धट वागायचा. सुधारला. थेरोनला तेवढी सवड मिळाली नाही.

चौकशीवाल्यांनी मला काहीच विचारलं नाही. मजुराला साक्षीला कोण बोलावतो? फक्त तू विचारलंस. तुझा गणवेश जमा झाला त्या दिवशी तू आमच्या वस्तीत आलास. आमच्या वस्तीत गोरा माणूस पायी येणं म्हणजे काय, तुला कल्पना होती. दारातच उभा राहिलास. म्हणालास, "मातेस, शिडी तू काढलीस. तुला काही दिसलं का रे?" आणि मी म्हटलं, "नाही, मालक."

तू मान हलवलीस आणि मलाच धीर देऊन गेलास. त्यानंतर तू पत्रं लिहिलीस, दोन. मी उत्तर दिलं नाही. लोकांना वाटलं, पडत्या काळात काळ्याने पाठ फिरवली. वाटू दिलं.

मला स्वतःची किळस येते, हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. यादीत तुझं नाव नसतं, तर शनिवारी मी विसावी सही केली असती, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे पस्तीस वर्षांत मी एवढंच शिकलो.

आज सकाळी पुस्तकात लिहून आलो, 'मागची सीट निकामी, एप्रिलपासूनच्या माझ्या सर्व नोंदी खोट्या', आणि सही केली. त्या पानाची नक्कल सरकारी खात्याला पाठवली. माझा परवाना जाईल, कदाचित अजूनही काही होईल. डीनने मला हाकललं आणि दुपारपर्यंत दुसरा सही करणारा शोधायला फोन लावत होता. मिळेल त्याला. खातं पत्र उघडेपर्यंत शनिवार होऊन जाईल. म्हणून तुला लिहिलं. यादीतल्या बाकीच्या नावांना आज घरून फोन केले. दोघांनी मला वेडा म्हणून शिव्या घातल्या.

थेरोनची आई पार्लला असते, नव्वदीची आहे. तिला मी प्रत्यक्ष जाऊन सांगणार आहे. पण आधी तू. पिन तू विसरलास, एवढंच तुझं. आजवर ते मरण तू एकट्याने वाहिलंस. अर्ध्याहून जास्त ओझं माझं होतं, आणि ते मी तुझ्या पाठीवर टाकून घरी जेवायला बसलो.

माफी मागत नाही. गुरुवारी रात्रीच्या बसने निघून शुक्रवारी उजाडता मी तुझ्या दारात येईन. पत्र वाचून दार उघडावंसं वाटलं नाही, तरी मी संध्याकाळपर्यंत बाहेर उभा राहीन. अनेलिनची गाडी निघाली तर तिच्यापुढे उभा राहीन. मला काय म्हणायचंय ते म्हण, हवं तर मार. फक्त त्या विमानात बसू नकोस.

दिसलं होतं, सारेल.

मातेस अपॉलिस