चरबीची गोळी

हैदराबाद, सोमवार

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून श्रीशैलचा नमस्कार.

आप्पांचं हृदयाचं ऑपरेशन नीट झालं. काल शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी आधी गळ्यातलं इष्टलिंग मागून घेतलं, मग परळीचं दुकान कोण उघडतंय ते विचारलं. तू घाबरू नको.

आज जरा ताप हाय, ठोके मागंपुढं होतायत. म्हणून परत आयसीयूच्या काचेच्या खोलीत नेलंय.

एक विचारायचं होतं. रात्रीची चरबीची गोळी चालू होती ना? सकाळी डॉक्टरांनी विचारलं, तर मी छातीठोक सांगितलं, आई स्वतः हातावर ठेवती. आप्पा हळूच म्हणाले, "श्रावणात तेल-तूप सोडलं, मग चरबीची गोळी कशाला? तुझ्या आईनंच बंद केली."

डॉक्टर म्हणाले, ती नुसती चरबी उतरवत न्हाई, रक्तवाहिन्यांनाबी सांभाळती, मोठ्या ऑपरेशननंतर कामी येत असावी. पक्कं अजून कुणालाच ठाऊक न्हाई. मग तुझी चूक कशी? 'चरबीची' हे नाव तर आपण सगळ्यांनीच ठेवलं. मन्मथकाका हे पत्र घेऊन येतायत. त्यांच्या दुकानातून वॉर्डात फोन कर आणि गोळी कधीपासून बंद हाय तेवढं कळव.

तुझे गुडघे कसे हायेत? वीजकेंद्राची राख उडत असंल, दारं लावून घेत जा.

आत नेताना सिस्टरनं इष्टलिंग पुन्हा उतरवून माझ्या हातात दिलं. मी म्हणलं, आप्पा, बाहेर आलात की लगेच घालतो. जन्मभर जे आपणहून अंगावेगळं केलं न्हाई, त्याच्याकडं बघून म्हणाले, "असू दे आता तुझ्यापाशीच."

तुझा
श्रीशैल