नऊ खळग्यांचा चमचा

४ जानेवारी

चमचा जागेवर नाही!

बुद्धाच्या मूर्तीपुढे असतो तो – नऊ खळग्यांचा लाकडी चमचा, माझ्या सासूचा. रोज चुलीवर चहा झाला की पहिला घोट आभाळाचा. चमच्याने बाहेर नऊ वेळा शिंपायचा, मग घरातल्यांनी प्यायचा. लग्न होऊन या अंगणात आले तेव्हापासून हे काम माझं. आज डोळे उघडले तर चूल पेटलेली, पातेलं उकळतंय, आणि सूनबाई दारातून आत येतेय – हातात माझा चमचा!

"झालं शिंपून, आई. तुम्ही पडा अजून."

पडा! माझ्याच घरात मला पडा म्हणते!

पुरेव कोळशाचा ट्रक घेऊन सीमेकडे गेलाय. रस्ताभर बर्फ. त्याची वाट सुखरूप व्हावी म्हणून आईच्या हातचा चहा आभाळाला जायला हवा. बायकोच्या हातचा नाही चालत. निदान मी जिवंत असेपर्यंत तरी नाही. सोलोंगोला या घरात येऊन एक उन्हाळा झाला नाही, आणि मालकीण व्हायची घाई बघा.

५ जानेवारी

तिच्या आधी उठले. चमचा उशाखाली घेऊनच झोपले होते. चहा मी केला नाही तरी शिंपला मी.

बाहेर धूर असा की कुंपणापलीकडच्या ल्हामचं गेर, एवढं नमद्याचं गोल घर, दिसेना. सगळ्या टेकडीवर एकाच वेळी चुली पेटतात, आणि या थंडीत धूर वर जायचं नावच घेत नाही. जमिनीलाच लोळत बसतो. नेहमीचंच आहे. पूर्वेकडून सुरुवात करून चारी दिशांना शिंपलं, पुरेवचं नाव घेतलं, आत आले.

मग सोलोंगोचा चहा. मीठच नाही! बिनमिठाचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी.

"मीठ विसरलीस का गं?"

"कमी घातलंय, आई."

"का?"

मान खाली. आणि तो चहा पोटात गेल्यावर थोड्या वेळात माझ्या छातीत जे सुरू झालं! पोत्यात घातलेलं कोकरू लाथा झाडतं तसं काळीज. खाटेची कड धरून बसून राहिले. तिने पाणी आणलं, पाठ चोळली. चेहरा असा साळसूद!

७ जानेवारी

आजही तेच. शिंपून आले, चहा प्याले, धडधड. पाय सुजलेत, बुटात जाईनात.

गालिच्यांच्या कारखान्यात माझं आयुष्य तपासनीस म्हणून गेलं. समोरून गालिचा सगळ्यांनाच छान दिसतो. मी उलटा करून बघायची. गाठ चुकलेली असेल तर ती पाठीवर सापडते. माणसांचंही मी तसंच करते, म्हणून मला कुणी बोलवत नाही, असं ल्हाम म्हणते. न बोलवू देत.

तर सोलोंगोची पाठ बघू. एक – कोळशाची बादली शेडमधून दारापर्यंत आणताना दोनदा खाली ठेवते. तरणीताठी बाई! दोन – मी बघतेय हे लक्षात आलं की भरभर चालते आणि आत येऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहते. तीन – ओठ निळसर. थंडी म्हणे. थंडी मलाही वाजते, माझे कुठे निळे होतात? कुठेतरी पाणी मुरतंय. डोळ्यांत तेल घालून राहायला हवं.

८ जानेवारी

दवाखान्यात नेलं तिने. मी नको म्हणत होते.

डॉक्टरीणबाई अरियुना. माझ्या साखरेचा आणि काळजाचा सगळा इतिहास तिच्याकडे. नळी छातीला लावली, पाय दाबून बघितले – बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग म्हणते, "आजी, पहाटे बाहेर जाता?"

"आभाळाला चहा कोण देणार मग? तू येतेस?"

हसली. म्हणाली, "तुमचं हृदय आधीच दमलेलं आहे. त्यात इतकी वर्षं साखर. पहाटेचा धूर तुम्हाला सोसायचा नाही."

मी म्हटलं, "मला खोकला नाही. साधा ठसकाही नाही. धुराचं काळजाला काय? तो जातो छातीत."

"खोकला नाही म्हणूनच फसताय. धुरात जे अगदी बारीक असतं ते छातीत थांबत नाही, रक्तात उतरतं. मग रक्तवाहिन्या आखडतात, ठोके चुकतात. धडधाकट माणसाचं भागून जातं. ज्याचं हृदय मुळात दुखणाईत आहे त्याने या दिवसांत पहाटे उंबऱ्याबाहेर पाय टाकू नये. आणि मीठ बंद."

हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं, मग सोलोंगोकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. सोलोंगोने नजर जमिनीला लावली. दोघींचं आधी काहीतरी बोलणं झालेलं आहे! माझी पैज. मला घरात डांबायचं, चमचा हिच्या हाती द्यायचा, हा बेत इथेच शिजलाय.

येताना तिने तोंडावर बांधायला फडकं घेतलं माझ्यासाठी. मुसकं! मुसकं बांधून आभाळासमोर उभी राहू?

१० जानेवारी

सापडलं!!

ती पाणी आणायला हातगाडी घेऊन गेली होती. तिचं अंथरूण झटकायला घेतलं – उशीच्या खोळीत निळ्या कागदाची पुडी. आत गोळ्या. बारीक, पांढऱ्या. नाव ना गाव.

म्हणजे चहात मीठ नाही, तर काय घालते हे कळलं! गोळ्या लपवून ठेवणारी माणसं चांगल्या कामाला लपवत नाहीत.

पुडी अंगातल्या डेलच्या, लांब अंगरख्याच्या, घडीत घातली, छातीशी, पट्टा वरून आवळून. तिथून कुणी काढून दाखवावी. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईसमोर ठेवीन, आणि तेव्हा बघीन कोण मान खाली घालतं ते.

११ जानेवारी

"आई, माझी एक निळी पुडी बघितलीत कुठे?"

"कसली पुडी?"

"काही नाही."

१२ जानेवारी

आज सापळा लावला. सोलोंगोने दिलेला चहा हळूच दारामागे बासारच्या थाळीत ओतला. कुत्रं चाटूनपुसून प्यालं आणि आणखी हवा म्हणून माझ्याकडे बघत बसलं. दुपारपर्यंत मजेत. बरं, कुत्र्याचं काळीज मोठं असतं.

मग माझं मी ठरवलं. सकाळी शिंपून झाल्यावर घरात न जाता तशीच धुरातून ल्हामकडे गेले. तिच्या हातचा, तिच्या घरचा, चांगला खारट चहा प्याले. आणि काय सांगू – तिथेही धडधड! डोळ्यांपुढे अंधारी. ल्हामने मला चुलीजवळ आडवी केली.

तिला सगळं सांगितलं. गोळ्यांचं सोडून. हसत सुटली बया! "तुझी सून विष घालते? मग चार दिवस माझ्याकडे पाठव. माझीने तर चहा विचारायचंच सोडलंय."

"हसू नकोस. तुझ्याकडेही काळीज उडालं माझं."

"मग मीही घालते विष! अगं नोरजमा, सबंध टेकडी मिळून तुला मारायला बसलीय होय? एवढी मोठी तू कधी झालीस?"

वाईट वाटलं. पण ल्हामच्या घरी सोलोंगोचं जाणं-येणं आहे, हेही लिहून ठेवते.

१३ जानेवारी

चूल तीच पेटवते, बादली तीच आणते. आज तीनदा ठेवली. पुडी माझ्यापाशी आहे.

१४ जानेवारी

धाकटा भाऊ लुवसान मांस विकायला शहरात आला होता. माझं तोंड बघून म्हणाला, "ताई, चार दिवस चल माझ्याकडे. इथे तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही." निघाले.

चमचा? बरोबर आणला. निघताना सोलोंगोने थर्मास भरून दिला – "वाटेत प्या, आई." वाट सुखरूप व्हावी म्हणून जीपमागे दूधही शिंपलं तिने. दिसेनाशी होईतो फाटकाला धरून उभी होती. कुणाला दाखवायला, कोण जाणे.

१५ जानेवारी

लुवसानच्या गुरांजवळ बसून लिहितेय. आभाळ इतकं निळं की डोळे दुखतात. थंडी शहरापेक्षा जास्त, पण कोरडी, स्वच्छ. मैलोन् मैल दुसरं धुराडं नाही.

काल एक गोष्ट झाली. खिंड ओलांडल्यावर लुवसानने जीप थांबवली, थर्मास उघडला आणि मी बघत असताना दोन वाट्या भरल्या. मी म्हटलं, थांब. तो कशाला थांबतो! घटाघटा प्याला. भाऊ प्याला आणि बहीण बघत बसली असं नको, म्हणून मीही प्याले. सोलोंगोच्याच हातचा तो चहा. वाट बघितली. काळीज गप्प. संध्याकाळीही गप्प. आज पहाटे इथे बाहेर उभी राहून शिंपलं, तेव्हाही गप्प!

१६ जानेवारी

कारखान्यात नव्या पोरींना मी शिकवायची – दोन धागे एकदम बदलू नका, चूक कशात ते कळणार नाही. एकच बदला.

चहा तोच होता. हवा बदलली.

हे मला आवडलेलं नाही. पण गाठ दिसल्यावर दिसली नाही असं म्हणायला मी शिकले नाही.

१८ जानेवारी

परत आले. खिंडीवरून शहर दिसलंच नाही, नुसतं करडं झाकण. फाटकाशी उतरले, कुंपणापासून दारापर्यंत चालले – आणि कोकरू उठलं पोत्यात! चहा नाही, मीठ नाही, सोलोंगो अजून दारातही आली नव्हती. म्हणजे डॉक्टरीण खरं बोलत होती. धूर. आणि मी रोज पहाटे, सगळ्यात दाट असतो तेव्हा, त्यात उभी राहून नऊ नऊ वेळा हात उंच करत होते.

आणि पोरगी मला जायला देत नव्हती. त्याला मी काय काय नावं ठेवली! लाज वाटली. खरंच वाटली.

जेवण झाल्यावर चमचा काढला, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "घे. उद्यापासून हा तुझा. घाई करायची नाही. चारी दिशांना, नऊ वेळा, नवऱ्याचं नाव घेऊन. आणि तोंडाला ते मुसकं बांधून जायचं नाही. आभाळाला तोंड दिसलं पाहिजे."

तिचा चेहरा पांढरा पडला. मग दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "हो, आई." एवढा मान अचानक मिळाला की माणूस गांगरतं.

पुडीचं मात्र सोडलेलं नाही. चहात घालत नसेल, पण लपवते का? मान दिला म्हणजे मी डोळे मिटले असं नाही. तपासणीचा दिवस येऊ दे.

१९ जानेवारी

पहाटे पांघरुणात पडून दाराबाहेरची तिची चाहूल ऐकली. बर्फावर पावलं, मग थांबणं, मग पावलं. बराच वेळ लागला तिला. मन लावून करते. आत आली तेव्हा दाराला टेकून उभी होती, बोलता येईना. मी म्हटलं, "बस, आज चहा मी ओतते." माझं काळीज सबंध दिवस गप्प. पायांची सूजही उतरतेय. पुरेवचा फोन आला, सीमेवर पोचलाय. तिला म्हणाला, "औषध घेतेस ना?" मी ऐकलं. ती म्हणाली, "आईंचं देते मी वेळेवर."

चांगली आहे पोर. हे कागदावर लिहिलं तेवढं पुरे. तोंडावर म्हणणार नाही.

२० जानेवारी

दुपारी सोलोंगो दोन तास गायब. म्हणे दुकानात गेले होते. पिशवी रिकामी! विचारलं तर – "आठवड्याने येणार आहे, आई." काय येणार आहे? मीठ? कोळसा? निजायच्या आधी तिने सगळी उशी उसवून बघितली. मी खाटेवरून बघत होते. पट्टा आणखी आवळला.

२१ जानेवारी

दवाखान्याच्या बाकावर. पहाटे दाराबाहेर चहा सांडल्याचा आवाज आला. चमचा बर्फात होता, ती चमच्याशेजारी. ल्हामच्या मुलाने गाडी काढली. नाकाला नळी लावलीय, श्वास चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाली, हिच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब आहे, पहाटे बाहेर पडू नकोस हे तुमच्याआधी हिला बजावलं होतं. मग विचारलं, रोजच्या गोळ्या ही मुलगी कधीच चुकवत नव्हती, कधीपासून बंद आहेत? तिला तर आत्ता बोलता येत नाही. घरात कुणाला ठाऊक आहे का, आजी?

मी पट्टा सोडतेय. गाठ सुटत नाही.