मुक्कामाची गाडी

१२ जाने.
मुक्कामाची गाडी आली. उतरली आमची नात सोनी एकटीच, मुरबाडच्या कॉलेजातनं. कंडक्टर माझ्या ओट्यावर जेवायला बसला. बोलला, "मावशी, सकाळी दोनच माणसं चढतात. गाडी आता फाट्यावरनंच फिरवणार बोलतात." मी बोलली, "तुझ्या भाकऱ्या मोजल्या असतील कुणी." हसला. पण खरं बोलत होता.
गाडी नाय तर सोनीचं कॉलेज नाय. पोरगा तिला कल्याणला नेणार, टपूनच बसलाय. मग घरात मी आणि मांजर.

१४ जाने.
म्हाताऱ्या गोळा केल्या. जाऊ हिरा, शेजारची सखू, मी. काम नसलं तरी रोज सकाळी गाडीत बसायचं. सखू विचारते, "मुरबाडला जाऊन करायचं काय गो?" "लुगडी दाखवायची!" वालाच्या शेंगा नेल्या, भजी खाल्ली, संध्याकाळी परत. हिराला घाटात उलटी.
कंडक्टर बोलला, "आज वऱ्हाड निघाल्यासारखं वाटतं." बोलली, "नवरा तूच. आमच्यातली एक निवड."

२० जाने.
सखूला तिचा पोरगा बदलापूरला घेऊन गेला. किल्ली माझ्याकडं. अशा किल्ल्यांचा जुडगा झालाय कमरेला, सोनी मला सावकारीण बोलते. मी हसली. मग चुलीकडं तोंड केलं.

२७ जाने.
नळ आला तवर निम्मी आळी गेलेली. आता माणसं नाय म्हणून गाडी नाय, गाडी नाय म्हणून उरलेली पण जाणार. कुणाला सांगायचं...

२ फेब्रु.
हिराचे पाय सुजलेत. सोनी आणि मी, दोघीच चढलो. कंडक्टर तिकीट देताना बघेना. "मावशी, उद्यापासून गाडी वर..." पैसे मोजत पुढं सरकला. मी पण चिडवलं नाय.

३ फेब्रु.
पोराचा फोन. "आई, रविवारी सोनीला न्यायला येतो. तू पण चल." बोलली, "मी आली तर तुझी बायको पळून जाईल." हसला नाय.
सोनी बोलते, फाट्यापर्यंत चालत जाईन, बाबांना सांग. पहाटेचं रान, पोरगी एकटी. मी बोलली, मी येते सोबत.

४ फेब्रु.
निघालो दोघी. ओढ्याच्या चढावर माझा गुडघा धरला. "आजी, परत जाऊ?" "तू हो पुढं. उशीर होईल." गेली. वळणापर्यंत बॅटरीचा उजेड दिसला. मी तिथंच दगडावर बसून राहिली. फाट्याकडनं हॉर्न वाजला.
पोहोचली का वेळेवर, ते ती आल्यावर कळेल. रविवारी पोराला काय सांगू, ते अजून ठरलं नाय.