साडेअकराची ओहोटी

अल्लाचं नाव घेऊन सुरुवात करतो. मी कोम्बो बिन मादी, वय एकोणऐंशी, राहणार म्वाम्बानी, सलामा लॉजचा मालक आणि आता तिथला एकुलता एक रहिवासी, हे माझं मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्याने करायची नसते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणारं एकच माणूस होतं, माझी बायको रुकिया, आणि ती सात वर्षांपूर्वी गेली. याआधीचं माझं म्हणून कोणी दुसरं मृत्युपत्र दाखवलं तर ते खोटं समजावं. दाखवणारा शेजारचा सुदी असेल तर वाचूही नये.

मी सांगतो आहे आणि मदरशाचे मास्तर अथुमानी लिहीत आहेत. "हे कायद्यात बसत नाही, म्झे," असं ते मला वडीलधारा मानून मधून मधून म्हणतात. मी म्हणतो, लिहा हो तुम्ही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा कागद मी घरासाठी किंवा खाटांसाठी केलेला नाही. माझ्या धाकट्या भावाचं, लालीचं, नाव माझ्या हातून बुडालं आहे आणि ते मला वर काढायचं आहे. ते शेवटच्या, म्हणजे सहाव्या कलमात आहे. तिथे पोचेपर्यंत कोणी उठून जायचं नाही. चहा वाटायचा तर तोही नंतर.

कलम १. माझ्या मालमत्तेचे दोन हिस्से शरियतप्रमाणे माझा मुलगा फुमो आणि मुलगी म्वानाईशा यांचे. त्यात मी काही बोलू शकत नाही आणि बोलायचंही नाही, दोघं गुणी आहेत. फुमो मोम्बासाहून फोनवर म्हणतो, "बाबा, विकून टाका ना. आता येतं कोण तिथे? शेळ्या?" खोटं नाही त्याचं. चार नंबरच्या खोलीत खरोखरच शेळ्या आहेत, आणि त्या पाहुण्यांपेक्षा कमी तक्रारी करतात.

पण फुमो, तू लहान होतास, तुला आठवत नाही. एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरात शाळा सुटल्या की नाकुरू, न्येरी, पार किसुमूची माणसं इथे उतरायची. बस थेट वडाच्या झाडाखाली थांबायची. आता ती हमरस्त्यावरून भोंगा वाजवत निघून जाते. आपल्या अकरा खोल्या भरल्या की मी पडवीत खाटा टाकायचो, पडवी भरली की लोक वाळूत चटया टाकायचे आणि त्याला मजा म्हणायचे. संध्याकाळी किनाऱ्यावर भाजलेल्या मक्याचा वास, कसावाच्या काचऱ्या, पोस्टाच्या खिडकीशी रांग. पोस्टमास्तर डोकं धरून बसायचा, "कोम्बो, तुझ्या पाहुण्यांनी सगळी चित्रांची कार्डं संपवली!" डोंगराकडची पोरं पहिल्यांदा समुद्र बघायची तेव्हा काही रडायची. मला ते फार आवडायचं. इतकं आवडायचं की कोणी नवीन आलं की मी हातातलं काम टाकून त्यांच्यामागे किनाऱ्यापर्यंत जायचो.

कलम २. नऊ नंबरच्या खोलीत तेवीस पत्र्याच्या पेट्या आहेत. त्या माझ्या नाहीत. पाहुणे परत जाताना आपली पोहायचे कपडे, रबरी चाकं, पत्त्यांचे कॅट, फुटक्या चपला असं सगळं पेटीत भरून माझ्याकडे ठेवून जायचे. "पुढच्या सुट्टीला येतोच आहोत, कोम्बो, हे ओझं कशाला न्यायचं?" मी झाकणावर पांढऱ्या रंगाने घराण्याचं नाव घालायचो. ज्याची पेटी इथे, तो येणारच, असा आमच्या गावचा हिशेब होता. म्वानाईशाने त्या उघडू नयेत. प्रत्येकाला पत्र घालावं. वर्षभरात कोणी आलं नाही तर सामान शाळेला द्यावं आणि पेट्यांत मशिदीच्या चटया ठेवाव्यात. न्डेरितू नावाची पेटी मात्र बाजूला काढावी, तिचं पुढे येईल.

कलम ३. काद्झोला, जिने एकोणतीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात नारळ खोवले, तिची बसून खोवायची खोवणी आणि मोठं भातपातेलं द्यावं. तिच्या नारळाच्या दुधातल्या भातासाठी लोक सुट्टी दोन दिवस वाढवायचे. माझ्यासाठी कोणी वाढवली नाही. परवा तिला हे सांगितलं तर म्हणाली, "म्झे, खोवणी देऊन तोंड बंद करताय होय माझं?" तर काद्झो, नाही. आता तोंड उघड.

कलम ४. शेजारच्या कोरल लॉजचा सुदी बिन हमिसी याने १९८४ साली बसच्या थांब्यावर उभं राहून माझ्या पाहुण्यांना सांगितलं की सलामात ढेकूण आहेत. त्याला मी सात नंबरची गादी ठेवून जात आहे. त्याने तिच्यावर झोपून स्वतः खात्री करून घ्यावी. त्याचंही लॉज बंद पडलं. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं रोज त्याच्या ओट्यावर बाओ खेळतो, आणि तो सोंगट्या चोरतो. तरी माझ्या मयताला खांदा त्यानेच द्यावा.

कलम ५. उरलेला तिसरा हिस्सा मी कोणालाही देऊ शकतो. तो, म्हणजे समुद्राकडची पडवी, तिला लागून असलेल्या चार खोल्या आणि समोरचं अंगण, मी लाली बिन मादी याला देतो. तो माझा भाऊ आहे म्हणून नाही. का, ते पुढे वाचा.

कलम ६. आमच्या पडवीत एक काळा फळा असायचा. रोज सकाळी मी त्यावर ओहोटीची वेळ लिहायचो. भरओहोटीला पाणी मागे हटलं की पाहुण्यांना चालत थेट खडकांच्या बांधापर्यंत जाता येतं. तिथे डबक्यांत तारामासे, रंगीत मासे, काय नाही ते. पण बांधाच्या आणि किनाऱ्याच्या मधे खोलगट आहे. पाणी परत येतं ते समोरून येत नाही, आधी पाठीमागे भरतं. म्हणून वेळ महत्त्वाची. आम्ही ती चंद्रावरून काढतो: चंद्राची तारीख एकने पुढे गेली की ओहोटी पाऊण तासाने पुढे. बांधावर न्यायचं काम लालीचं. सरकारचा पितळी बिल्ला होता त्याच्या छातीवर. म्वाम्बानीत त्याच्याइतका बांध कोणाला कळत नव्हता, मला तर नाहीच.

१९९१ च्या एप्रिलात ईद आली. माझ्याकडे तेव्हा नवा रेडिओ होता. परदेशच्या स्टेशनने सांगितलं, चंद्र दिसला. इथे आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, आणि अख्खं गाव किनाऱ्यावर उभं राहून बघतंय, चंद्र नाही. लाली म्हणाला, "दादा, नाही म्हणजे नाही. मी उद्याही रोजा धरणार." मी म्हणालो, "जगाला दिसला आणि तुला नाही दिसला, तर चष्मा कर." मी माझी ईद केली, त्याने दुसऱ्या दिवशी केली. आईने दोन दिवस शेवया रांधल्या.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पण मी ओहोटीही रेडिओच्याच चंद्रावरून, म्हणजे एक तारीख पुढे, मोजत गेलो. तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: साडेअकरा. खरी होती पावणेअकराची.

लाली साडेनऊलाच आला. पाहुणे अजून चहाबरोबर महामरी, म्हणजे आमच्याकडच्या गोड पुऱ्या, खात होते. तो म्हणाला, "चला, आत्ता निघायचं, नाहीतर आज नको." सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "काय रे लाल्या, रेडिओ खुळा आणि तू शहाणा? जा, होडी रंगव तुझी." लोक हसले. लाली गेला, पण घरी गेला नाही. होडीपाशी बसून राहिला.

पाहुणे साडेदहाला आपले आपण गेले, अकरा जण. दरवर्षी येणारी माणसं, वाट पाठ होती त्यांना. बाराला पाठीमागे पाणी भरलं. लालीने होडी काढली. लाटा फुटत होत्या त्या बांधावर दोन फेऱ्या मारून त्याने सगळेच्या सगळे परत आणले. दुसऱ्या फेरीत होडीचा बाजूचा दांडा तुटला, आणि नाकुरूचे स्टेशनमास्तर न्डेरितू खडकात अडकले. त्यांचा पाय पुढे गुडघ्याखाली काढावा लागला.

आता मी काय केलं ते लिहा, मास्तर, शब्द न गाळता. होडी अजून पाण्यात होती तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओलं फडकं आणलं. काद्झो म्हणाली, "आज दुपारीच फळा पुसताय?" मी म्हणालो, "तू भात बघ." साडेअकरा पुसून मी पावणेअकरा लिहिलं. चौकीतून हवालदार आला. मी फळा दाखवला आणि सांगितलं, "वाटाड्या वेळेवर आला नाही, साहेब. पाहुणे वाट बघून बघून निघाले." बाकीच्यांनी माना हलवल्या; सकाळी लालीला हसलो होतो हे कोणाला सांगायचं होतं? न्डेरितूबाई ओल्या शालीत कुडकुडत होत्या. त्या म्हणाल्या, "पण मी साडेअकरा वाचलं होतं." मी त्यांना म्हणालो, "बाई, घाबरलं की असं होतं." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. नंतर आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, मीच चुकले असेन. हे मला आजही सहन होत नाही.

लाली चार हातांच्या अंतरावर उभा होता, पायातून रक्त येत होतं. त्याने सगळं ऐकलं. त्याने तोंड उघडलं असतं तर सलामा त्याच दिवशी बंद झालं असतं, आणि सलामावर चौदा माणसं जेवत होती, आमची आई धरून. त्याने छातीवरचा बिल्ला स्वतःच काढून हवालदाराच्या हातात दिला. मला फक्त एवढंच म्हणाला, "चालव घर." त्यानंतर बत्तीस वर्षं मशिदीत सलाम, आणि त्यापलीकडे शब्द नाही.

पेपरात आलं: म्वाम्बानीला वाटाडे बेपर्वा. ऑगस्टात निम्मे आले, डिसेंबरात त्याहून कमी. गाव का ओस पडलं असं विचारलं की मी सांगतो, रस्ता वळवला, दक्षिणेला तलाववाली मोठी हॉटेलं झाली, किनाऱ्याला शेवाळ लागलं. तेही सगळं खरं आहे. पण सुरुवात कोणी केली ते मला माहीत आहे, आणि तो लाली नव्हे. गावातली पोरं त्याला "उशिरा" म्हणून चिडवायची. मी ऐकायचो आणि बाओ खेळायचो. मला लाज वाटते.

तरी माझी सूचना अशी: हे कलम माझ्या दफनानंतरच्या पहिल्या जुम्म्याला मशिदीच्या अंगणात मोठ्याने वाचावं. म्वानाईशाने याची एक नक्कल आणि ती पेटी नाकुरूला न्डेरितूबाईंकडे स्वतः नेऊन द्यावी आणि सांगावं, बाई, तुम्ही बरोबर वाचलं होतं.

पुरवणी, त्याच दिवशी.

सहीसाठी दोन साक्षीदार लागतात. एक मास्तर झाले. दुसरा म्हणून सुदीला बोलावलं, तर मास्तर म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष चालत नाही, दिली तर त्याचा वाटा जातो. सुदीने विचार केला. "एवढ्याशा सहीसाठी गादी घालवू? छे!" गादी डोक्यावर घेऊन तो निघूनही गेला, माझ्या मरणाचीही वाट बघितली नाही.

मग मी भेटायला आलेल्या म्वानाईशाला लालीकडे पाठवलं. खरं तर त्याला हे आधी ऐकवायची माझी छाती नव्हती, पण आता निमित्त झालं. तो आला, दारातच उभा राहिला. मास्तरांनी पाचवं आणि सहावं कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मेल्यावर वाचणार?"

"हो."

"म्हणजे तू मातीखाली, आणि लोक तोंड बघणार माझं? वा रे दादा! जन्मभर मी गप्प बसलो, आता तू मरून गप्प बसणार." त्याचा आवाज चढला. "उद्या जुम्मा आहे. उद्या वाच. तू उभा राहून वाच. मला तुझं तोंड बघायचंय."

मी म्हणालो, "गुडघे..."

"मी धरीन. वाच तू."

मी बरं म्हणालो. रडलो, तेही लिहा. मास्तरांनी सहाव्या कलमातल्या दफनाच्या अटीवर काट मारून शेजारी "उद्या" असं लिहिलं आहे.

मग लालीने विचारलं, "साक्षीदार मिळाला का दुसरा?" मास्तर म्हणाले, नाही. "द्या इकडे." मास्तर घाबरले. "लालीभाऊ, सही केलीत तर पडवी, चार खोल्या, अंगण, सगळं जाईल. मुलांकडे जाईल. नीट विचार करा." मीही म्हणालो, "लाल्या, वेडेपणा करू नकोस. मी आणतो कोणालातरी, सुतार आहे, हवालदार आहे."

"घर नको मला," लाली म्हणाला. "हवालदाराने त्या दिवशी तुला विचारलं, बाईंना विचारलं, सगळ्यांना विचारलं. मला कोणी विचारलंच नाही. साक्ष राहिलीय माझी."

मी कागद त्याच्याकडे सरकवला. पाचवं कलम त्यामुळे रद्द झालं आहे. बाकी सगळं वाचून, समजून, माझंच आहे असं सांगून सही करतो.

मुक्काम म्वाम्बानी, गुरुवार, ९ नोव्हेंबर २०२३.

(सही) कोम्बो बिन मादी

साक्षीदार पहिला: अथुमानी बिन बुनू, मदरशाचे शिक्षक. मजकूर मीच लिहिला, सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: लाली बिन मादी. धंदा: बांधावरचा वाटाड्या. सही माझ्यासमोर झाली. माझी साक्ष अशी की त्या दिवशी मी वेळेवर आलो होतो.