होई आनची वही

आई,

कृष्णपुऱ्याला नदीचं पाणी चढलंय, बातमीसाठी निघाले. पोहे झाकून ठेवलेत.

तुझी व्हिएतनामच्या सहलीची वही वाचली. "पावसाळ्यात होई आनला कोण जातं?" म्हणून काल हसले, ते चुकलं. तिथली नदी गल्ल्यांत शिरते, म्हणून तू खोली वरच्या मजल्यावर बघितलीस, परतीआधी दोन दिवस मोकळे ठेवलेस. कंदिलांचा उत्सव पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी असतो, हेही शोधलंस. आमच्या डेस्कवर इतकं चोख कुणी लिहीत नाही.

"तू राहा आपल्या बातम्यांमध्ये, मी एकटी जाते," म्हणालीस. दोन सहली मी ऐनवेळी मोडल्या, तेव्हा तुझं बरोबरच आहे. सुट्टी अजून मंजूर नाही, तरी तिकिटं आजच दोन काढ. माझा पासपोर्ट वहीतच ठेवलाय.

कीर्ती